स्टेपनीचं कुलूप आणि कोजागिरीची चावी

ही गोष्ट दोन हजार तेवीस सालची. गोपाळरावांना विचाराल तर ते बावीस सांगतील, पण त्यांना साल म्हणून कधी लक्षात राहत नाही. लग्नाचं सालसुद्धा ते घरात पहिला पंखा कधी आला त्यावरून काढतात. सुभद्राबाईंचं तसं नाही. त्या वर्षी संक्रांत चौदाची पंधराला गेली होती आणि वार रविवार होता, म्हणजे तेवीसच. अडतीस वर्षं शाळेत भूगोल शिकवलेल्या बाईला तारखा आणि नद्या विसरून चालत नाही.

हुडकेश्वरच्या त्यांच्या घराला एक पत्र्याची शेड आहे आणि त्या शेडमध्ये एक मोटार आहे. काळी, १९३८ सालची शेव्हरलेट. सुभद्राबाईंचे वडील, पारशिवनीचे डॉक्टर धोंडबा, यांनी ती मॅंगनीजच्या खाणीवरच्या गोऱ्या साहेबाकडून घेतली, आणि तीस वर्षं त्या मोटारीने तालुक्यातली बाळंतपणं, विंचू आणि हिवताप पाहिले. वडील एकोणऐंशी साली गेले आणि मोटार लेकीकडे आली. तेव्हापासून गोपाळराव ती चालवत आणि सुभद्राबाई शेजारी बसत. खरं म्हणजे सतराव्या वर्षी डॉक्टरांनी लेकीला हीच मोटार शिकवली होती. मोपेडसाठी म्हणून दर वेळी नूतनीकरण करून घेतलेल्या लायसन्सवर मोटारीचाही शिक्का होता. पण नवरा चालवायला बसलेला असताना बायकोने चाक मागायचं, हे त्यांच्या काळी सुचतच नसे. त्या नुसती हाताची बोटं पदराखाली हलवत, वळणावर अंमळ आधी.

अलीकडे मोटार फारशी बाहेर पडत नव्हती. गोपाळराव दर रविवारी ती चालू करून दहा फूट पुढे आणि दहा फूट मागे घेत. एवढ्याने तिची तब्येत ठणठणीत होती. तब्येत बिघडली ती मुलाची.

मुलगा अश्विन बुटीबोरीच्या कारखान्यात आहे. त्याने दिवाळीत नवी गाडी घेतली आणि ती रस्त्यावर, उन्हात आणि निंबाच्या झाडाखाली, म्हणजे कावळ्यांच्या ताब्यात उभी राहू लागली. संक्रांतीच्या आधल्या आठवड्यात तो म्हणाला, "आई, एक तर ती मोटार मोटारीसारखी वापरा, नाहीतर द्या कोणाला. बुटीबोरी रोडवरचा ढाबेवाला तयार आहे."

"काय करणार आहे तो तिचं?"

"मधून कापणार. पुढच्या अर्ध्याचं काउंटर आणि मागच्या अर्ध्याचा सोफा."

सुभद्राबाईंना त्या रात्री डाळ-भात गेला नाही. डॉक्टर धोंडबांच्या मोटारीवर लोक बसून पनीर खाणार!

सकाळी त्यांनी वर्तमानपत्र उलटंपालटं करून उपाय शोधला. बावीस जानेवारीला शहरात जुन्या मोटारींची रॅली होती. "तिच्यात उतरली तर ठेवायची. बोल, कबूल?" अश्विन हसत कबूल झाला. त्याला ठाऊक होतं की रॅलीच्या अर्जात स्टेपनीचा रकाना आहे.

आता स्टेपनीबद्दल सांगायला हवं. या मोटारीची स्टेपनी डिकीत नसते. डाव्या हाताच्या पुढच्या मडगार्डात खोबण आहे. तिच्यात ती उभी ठेवायची, वरून पत्र्याचं गोल झाकण बसवायचं, आणि झाकणाच्या बरोबर मधोमध रुपयाएवढं पितळी कुलूप. दिसायला फार देखणं. फक्त ते कुलूप चाळीस वर्षं उघडलं नव्हतं.

गोपाळराव पाटबंधारे खात्यातून कार्यालय अधीक्षक म्हणून निवृत्त झालेले. अर्ज त्यांनीच भरला. ‘स्टेपनी : आहे / नाही’ यापुढे त्यांनी सुवाच्य अक्षरात लिहिलं : ‘आहे, परंतु तूर्त दृष्टीस पडत नाही.’ अशा वाक्यांवर खात्यात धरणं उभी राहिली होती. पण रॅलीतर्फे तपासणीला आलेली मिनल पंचविशीतली इंजिनियर होती. तिने इंजिन ऐकलं, ब्रेक पाहिले, शाबासकी दिली, आणि त्या रकान्यापाशी थांबली.

"काका, वाक्य छान आहे. वस्तू दाखवा."

"आत आहे."

"कशावरून?"

गोपाळरावांनी झाकणावर बोटाने टकटक करून दाखवलं. मिनल म्हणाली, "शुक्रवारी वीस तारखेला संध्याकाळी सहाला येते. झाकण उघडलेलं आणि चाक वापरता येण्यासारखं पाहिजे. नाहीतर नाव कटेल. सगळ्यांना हाच नियम आहे."

मिनल गेल्याबरोबर सुभद्राबाई म्हणाल्या, "त्र्याऐंशी साली चावी हरवली नसती तर आज ही वेळ आली नसती."

"मी चावी हरवली नव्हती. कुलूप बिघडलं होतं."

हा संवाद नवा नव्हता. त्र्याऐंशीच्या कोजागिरीला ही दोघं आटवलेलं दूध पातेल्यात घेऊन पारशिवनीला निघाली असताना रस्त्यात चाक बसलं. गोपाळरावांनी खिशातून चावी काढली, तर ती कुलपात शिरेना. सुभद्राबाई म्हणाल्या, तुम्ही भलतीच चावी आणली, खरी हरवली. गोपाळराव म्हणाले, कुलूपच बिघडलं. शेवटी एका बैलगाडीत बसून ती दोघं गावात पोचली आणि पातेल्यात जेमतेम साय उरली. पुढे चाळीस वर्षं ही हकिकत सुभद्राबाईंनी प्रत्येक हळदीकुंकवाला सांगितली. ऐकणाऱ्या बायका बदलल्या, सांगण्यातला नवरा तोच राहिला.

गोपाळरावांनी लगेच अनाथ चाव्यांचा डबा काढला. त्यांच्या घरात चावी टाकून देत नाहीत. कपाट मोडलं, पेटी गंजली, खोलीच पडली, तरी चावी डब्यात जाते. ज्या चाव्यांचा निकाल लागलेला आहे त्यांना दोऱ्याने चिठ्ठी बांधलेली असते. त्या त्यांनी शिस्तीने बाजूला काढल्या, कारण निकाली प्रकरण पुन्हा उघडायचं नसतं. उरलेल्या त्रेसष्ट चाव्या एकेक करून लावल्या. एकही दोन सुतांच्या आत गेली नाही. चौसष्टावी शिरली, पण ती चावी नव्हती, कान कोरायची काडी होती, आणि ती आत मोडली.

इथे रुपरावांचा प्रवेश झाला. रुपराव शेजारी. मूळचे पारशिवनीकडचेच, दोन एकर मोसंबी आणि एक ट्रॅक्टर अजून तिकडे राखून. कुठल्याही यंत्राचा बोल्ट आवळल्याचा आवाज त्यांना तीन घरं पलीकडून ऐकू येतो.

"काय करून राहिले गा गोपाळराव? काडी कायले घातली? तेल टाका ना! एरंडीचं."

एरंडीचं तेल टाकलं. मग रॉकेल. मग कोणाच्या तरी सांगण्यावरून शिसपेन्सिलीची पूड. मग रुपराव म्हणाले की पूड आणि तेल एकत्र नको होतं, त्याचा गारा होतो. हे त्यांना पूड टाकून झाल्यावर आठवलं.

संक्रांतीच्या दिवशी त्यांना मोबाईलवर नवा उपाय सापडला. टेनिसचा चेंडू अर्धा कापायचा, कुलपावर धरायचा आणि जोरात दाबायचा; हवेच्या दाबाने कुलूप उघडतं.

"वहिनी, बाजूले सरा. विज्ञान हाय हे."

विज्ञानाने पहिल्या दाबात काही केलं नाही. दुसऱ्या दाबात अर्धा चेंडू तेलावरून निसटला, शेडच्या पत्र्यावर आपटला आणि अंगणात निवायला ठेवलेल्या तिळाच्या वड्यांच्या परातीत जाऊन बसला. त्या वर्षी हुडकेश्वरच्या त्या गल्लीत सर्वांनी तिळगूळ घेतला आणि सर्वच जण गोड बोलले, पण वड्यांना रॉकेलचा किंचित वास का, हे कोणी विचारलं नाही. शेजारधर्म अजून आहे तो असा.

"आता एकच," रुपराव म्हणाले, "गॅसनं कापू. दहा मिनटाचं काम."

"कापायचंच असतं तर ढाबेवाला काय वाईट होता?" सुभद्राबाई म्हणाल्या आणि पायात चपला घालून निघाल्या.

सक्करदऱ्याच्या चौकात एका बदामाच्या झाडाखाली चाव्या करणारी प्रयागबाई बसते. नवऱ्याची पेटी तो गेल्यावर तिने उचलली त्याला तेव्हा वीस वर्षं झाली होती. सुभद्राबाईंनी सगळं सांगितलं. प्रयागबाईने कानशीवरून नजर न उचलता विचारलं, "गाडीचे कागद कोनाच्या नावानं हायेत?"

"वडिलांच्या."

"ते कुठं हायेत?"

"वारले."

"मंग मी नाई येत. बाई, मी कोनाचंबी कुलूप उघडून राहिली तर उद्या माही कोठडी कोन उघडीन? ठान्यातून लिहून आना का चाबी हरवली म्हून."

यात चूक काहीच नव्हती, म्हणूनच सुभद्राबाईंना जास्त लागलं. ज्यांच्या दारात विद्यार्थ्यांच्या नातवंडांनी येऊन पाया पडावं, त्यांना आज चोर नसल्याचा दाखला हवा होता.

दुसऱ्या दिवशी दोघं ठाण्यात गेली. तिथला तरुण हवालदार सभ्य होता. त्याने खुर्च्या दिल्या, वही काढली.

"काय हरवलं काका?"

"चावी."

"कधी?"

"तारीख सांगू की तिथी?" गोपाळराव म्हणाले. "कोजागिरी. एकोणीसशे त्र्याऐंशी."

हवालदाराने पेन खाली ठेवलं. "काका, माझा जन्म पंच्याण्णवचा आहे."

"तुमच्यावर आमचा संशय नाही," गोपाळराव म्हणाले.

"कुठं हरवली?"

"यांच्या हातून," सुभद्राबाई म्हणाल्या.

"हरवलीच नाही. कुलूप बिघडलं होतं."

"मग चावी आहे ना?"

"ती भलतीच होती," सुभद्राबाई.

"भलती नव्हती!" गोपाळराव.

हवालदार आळीपाळीने दोघांकडे पाहत राहिला. बाकावर बसलेला एक खरा पाकीटमार आपली गोष्ट विसरून पुढे सरकला. अखेर हवालदाराने कागद घेतला आणि लिहिलं : ‘मोटारीच्या स्टेपनीची चावी हरवली असल्याचे पत्नीचे म्हणणे आहे. पतीचे तसे म्हणणे नाही. मोटार दोघांचीच असल्याबद्दल दोघांचे एकमत आहे.’ खाली शिक्का. गोपाळरावांनी तो कागद दोनदा वाचला आणि बाहेर आल्यावर म्हणाले, "पोरगा पुढे जाईल."

प्रयागबाईने कागद शेजारच्या पानवाल्याकडून वाचून घेतला. "चांगला हाय. चोर असते तर दोघंई एका सुरात बोलले असते. शुक्रवारी दुपारी येतो."

शुक्रवारी दुपारी सुभद्राबाईंचं हळदीकुंकू होतं. पण सहा वाजता मिनल येणार होती आणि प्रयागबाईला दुसरा वेळ नव्हता, म्हणून एकाच अंगणात दोन्ही कार्यक्रम लागले. बायका यायच्या, हळदीकुंकू घ्यायच्या, वाण म्हणून स्टीलची वाटी घ्यायच्या, आणि घरी जायच्याऐवजी शेडपाशी उभ्या राहायच्या. थोड्याच वेळात तिथे वीस-बावीस बायका जमल्या. सगळ्यांत पुढे अंजनाबाई, रुपरावांच्या मंडळी, ज्यांना कोजागिरीची हकिकत तोंडपाठ होती आणि त्या नव्या सुनांना ती सुभद्राबाईंच्या देखत सांगत होत्या. गोपाळराव खांबाला टेकून ऐकत होते. चाळीस वर्षांत त्यांनी त्या हकिकतीत एकदाही दुरुस्ती केली नव्हती. कुलूप बिघडलं होतं, एवढंच म्हणत, तेही घरात.

प्रयागबाईने आधी काडी काढली. मग एक वाकडी तार आत सरकवली. "रॉकेल कोनं टाकलं?"

"मी," रुपराव म्हणाले.

"अन् पेन्सिल?"

"तीबी मीच."

"अजून काई ठेवलं असन खिशात तर तेबी टाकून घ्या एकदाचं."

बायका हसल्या. प्रयागबाईने समोर वर्तमानपत्र अंथरलं आणि तारेने कुलपातला मळ कोरायला सुरुवात केली. आधी काळा गारा आला. त्यामागून लाल. विटेच्या चुऱ्यासारखा, घट्ट, थरावर थर. मग तारेच्या टोकाला काहीतरी पांढुरकं लागलं. प्रयागबाईने ते बोटावर घेऊन उन्हात धरलं.

"हे तांदूळ हाय."

दुसरा निघाला. तिसरा. प्रयागबाई एकेक दाणा कागदावर मांडत गेली. "बाई, या कुलपाले कोन जेवू घालत होतं वं?"

सुभद्राबाईंच्या हातात हळदीकुंकवाचं तबक होतं. त्यात कुंकू होतं, गंध होतं आणि अक्षता होत्या. त्यांनी तबकाकडे पाहिलं, मग कागदाकडे. दोन्हीकडे तेच जिन्नस होते.

दर दसऱ्याला मोटारीची पूजा. स्टीअरिंगला हार, चाकांना हळदीकुंकू आणि गंधाचा मोठा टिळा मात्र स्टेपनीच्या कुलपावर, कारण ते त्या मोटारीचं कपाळ. टिळ्यावर अक्षता, आणि अक्षता चिकटाव्यात म्हणून अंगठ्याने चांगलं दाबायचं. एवढ्या वर्षांत एक दसरा चुकला नव्हता.

आणि मग त्यांना ते आठवलं. पारशिवनीच्या अंगणात पूजा करताना डॉक्टर धोंडबा शेजारी उभे राहत आणि कुलपाच्या भोकावर स्वतःचा अंगठा ठेवत. "लाव आता," म्हणत. टिळा थोडा पितळेवर, थोडा त्यांच्या नखावर लागे. लहानग्या सुभद्रेला वाटे की बाबा मोटारीला आशीर्वाद देतात. बाबा गेल्यावर तिने पूजा तशीच चालू ठेवली. आशीर्वाद द्यायला वडीलधारं कोणी नाही, म्हणून अंगठा तेवढा गाळला. दसऱ्यापासून कोजागिरी चार-पाच दिवसांवर. त्र्याऐंशी साली तर तांदूळ अगदी ताजे असणार.

"सत्तावीस," प्रयागबाईने शेवटचा दाणा ठेवला.

अंजनाबाईंनी तोंडाला पदर लावला. गोपाळरावांनी कागदाकडे पाहिलं, बायकोच्या हातातल्या तबकाकडे पाहिलं. आता ते काय म्हणतात, म्हणून अख्खं अंगण कान टवकारून उभं होतं. चाळीस वर्षांनी निकाल हाती आलेला माणूस काय वाटेल ते बोलू शकतो.

गोपाळराव म्हणाले, "प्रयागबाई, चहा घ्याल की मसाला दूध?"

सुभद्राबाईंना हे बोलणी खाण्यापेक्षा जड गेलं. त्या तबक घेऊन आत निघाल्या, उंबऱ्यापर्यंत गेल्या, आणि परत आल्या. "ऐका गं सगळ्या," त्या वर्गात बोलत तशा आवाजात म्हणाल्या. "त्र्याऐंशी साली चावी यांनी हरवली नव्हती. कुलूप मी बुजवलं होतं. पुढच्या वर्षीपासून हकिकत अशी सांगायची."

"बाप्पा!" अंजनाबाई म्हणाल्या. त्यांचं पाठांतर फुकट गेलं होतं.

भोक मोकळं झाल्यावर कुलूप उघडायला प्रयागबाईला चार मिनिटं लागली. दोन तारा, एक कान आणि डोळे मिटलेले. खट्! झाकण उचललं. आत स्टेपनी उभी होती, जशी डॉक्टरांनी ठेवली होती तशी.

बायकांनी टाळ्या वाजवल्या, पण प्रयागबाई उठली नाही. "बिनचाबीचं कुलूप मी ठेवून जात नाई. चाबी करून देतो."

"नुसती नको," गोपाळराव म्हणाले. "आतली रचनाही बदला. जुनी चावी चाळीस वर्षं बाहेर आहे. कोणाच्या हाती असेल, काय सांगावं?"

अडीच माणसं जिच्यात शिरू शकत नाहीत अशा शेडमधल्या, चाळीस वर्षं न उघडलेल्या झाकणामागच्या स्टेपनीवर कोण टपून बसलं असेल, हे गोपाळरावच जाणोत. पण सुभद्राबाई त्या दिवशी त्यांच्या कोणत्याच म्हणण्याला नाही म्हणणार नव्हत्या. प्रयागबाईने कुलूप खोलून आतल्या पाच पितळी पत्त्या काढल्या, त्या ज्या क्रमाने होत्या तो क्रम पेन्सिलीने वर्तमानपत्रावर उंच-बुटक्या रेघांनी काढून ठेवला, आणि मग दोन पत्त्या कानशीने जराशा घासून कुलूप पुन्हा जोडलं.

"आता जुनी चाबी लागनार नाई. पन नवी करू कशाची? या घाटाची कोरी चाबी बजारात भेटत नाई. घरात जुन्या चाब्या हायेत का?"

या प्रश्नाची वाट गोपाळराव चाळीस वर्षं पाहत होते. डबा आला. प्रयागबाईने त्यात हात घातला आणि बाजूला ठेवलेल्या, चिठ्ठ्या बांधलेल्या चाव्यांमधली एक पितळी चावी उचलली.

"ती नको," गोपाळराव म्हणाले. "तिचा निकाल लागलाय."

"घाट बरोबर हाय हिचा." तिने चावी फिरवून पाहिली, मग सहज वर्तमानपत्रावरच्या रेघांवर आडवी धरली. एक उंच, दोन बुटक्या, एक उंच, एक बुटकी. चावीचे दात रेघांवर असे बसले, जशी पावलं ठशांवर. "बाई, हीच तर होती ना."

सुभद्राबाईंनी चिठ्ठी उलगडली. पिवळ्या पडलेल्या कागदावर गोपाळरावांचं सुवाच्य अक्षर होतं :

‘ही नव्हे. कोजागिरी, १९८३.’

त्या दिवशी रस्त्यावर बायको भलतीच चावी, भलतीच चावी म्हणत होती. घरात कुलूप बिघडलं म्हणणाऱ्या गोपाळरावांनी डब्यापाशी एकटं बसून मनातल्या मनात तिचं म्हणणं मान्य केलं होतं, आणि तशी नोंद करून ठेवली होती.

"अहो," सुभद्राबाई हळूच म्हणाल्या, "तुम्हाला माझं पटलं होतं?"

"तू एवढ्या खात्रीने बोलत होतीस," गोपाळराव म्हणाले, "मला वाटलं तुला माहीत असेल."

प्रयागबाईने त्याच चावीचे दोन दात कानशीने घासले. चावी जुनीच, दोन दातांपुरती नवी. कुलपात शिरली, फिरली, खट् म्हणाली. सुभद्राबाईंनी तिच्या हाती वाटी दिली आणि कुंकवाचं बोट पुढे केलं. प्रयागबाई क्षणभर थबकली. नवरा गेल्यापासून कोणी हे बोट तिच्यापुढे केलं नव्हतं.

"मले लावा खुशाल," ती म्हणाली, "कुलपाले नका लावू."

साडेचार वाजले होते. सहाला मिनल. आणि आता रुपरावांनी स्टेपनीच्या टायरला बोट लावलं, तर रबराचा पापुद्रा सुटून हातात आला. "हे चाक नाई चालत वहिनी. बिस्कुट झालं याचं. माझ्या ट्रॅक्टरच्या पुढच्या चाकाचा टायर याच मापाचा हाय. नवा कोरा मागच्या महिन्यात घेतला, इथंच पडून हाय." आयुष्यात पहिल्यांदाच रुपरावांचा उपाय बरोबर निघाला होता, आणि ते स्वतःच त्याने दचकले होते. त्यांनी हवा सोडायला व्हॉल्वची टोपी काढली आणि आत नख दाबलं.

फस्स.

"थांबा!" सुभद्राबाई ओरडल्या.

सगळे थांबले. "आत अजून हवा आहे?"

"थोडीशी उरून राहिली."

ती हवा अठ्ठ्याहत्तर सालची होती. डॉक्टरांनी पायपंपाने भरलेली. सुभद्राबाई माहेरी आल्या होत्या आणि पंपाची नळी त्यांनीच धरली होती. वाकून पंप मारताना बाबांना धाप लागली होती, आणि मुलगी बोलेल म्हणून ते मध्येच थांबून आभाळाकडे पाहत, जणू पाऊस बघताहेत. पुढच्या वर्षी ते गेले. बाबांचं घरात काय उरलं होतं? एक स्टेथोस्कोप, एक कोट, आणि या ट्यूबमध्ये कोंडलेला हा एवढा दम.

हवा ठेवावी तर मोटार जाते. मोटार ठेवावी तर हवा जाते.

घड्याळात पावणेपाच झाले. रुपराव लिव्हर हातात धरून उभे होते. कोणी घाई केली नाही.

"बाबा गाडी उभी कधीच ठेवत नसत," सुभद्राबाई अखेर स्वतःशीच म्हणाल्या. त्या खाली बसल्या, कोजागिरीची चावी घेतली, आणि तिच्या टोकाने व्हॉल्वची पिन स्वतः दाबली. चेहरा जवळ नेला. फस्स... जुन्या रबराचा, उन्हाचा, आणि कशाचा कोण जाणे, वास आला. आणि त्यांना शिंक आली. एक, दोन, तीन, चांगल्या घरभर ऐकू जाणाऱ्या.

"डागदरसायबायची हवा अजून औषधी हाय," रुपराव म्हणाले, आणि सुभद्राबाई डोळे पुसत हसल्या.

सहाला मिनल आली तेव्हा ट्रॅक्टरचा टायर चढवलेली स्टेपनी खोबणीत उभी होती. थोडी जाड दिसत होती, बाळंतपणाहून आलेल्या सुनेसारखी. गोपाळरावांनी समारंभपूर्वक कुलूप उघडून दाखवलं. मिनलने खूण केली. "चालक म्हणून काकांचं नाव आहे ना?"

गोपाळरावांनी तिच्या हातून पेन घेतलं, आपलं नाव एका रेघेने खोडलं आणि वर सुवाच्य अक्षरात बायकोचं लिहिलं.

"हे काय?" सुभद्राबाई म्हणाल्या.

"माझ्या डोळ्याचं ऑपरेशन झालंय. उन्हात चालवायला डॉक्टर नको म्हणतात."

ऑपरेशन झाल्याला दोन वर्षं होऊन गेली होती. सुभद्राबाईंना तारीख पाठ होती. पण चाळीस वर्षं त्यांनी गोपाळरावांची एक खरी गोष्ट खोटी ठरवली होती. आता एक खोटी खरी मानायला काय हरकत होती?

बावीस तारखेला सकाळी शेव्हरलेट निघाली. सुभद्राबाईंचे हात चाकावर, आणि शेजारी गोपाळराव, वळणावर अंमळ आधी हलणारे. एकदा इंजिन बंद पडलं, दोनदा भलता गियर पडला. चौकातल्या लोकांनी टाळ्या वाजवल्या तेव्हा त्यांनी हॉर्न दिला, जो डॉक्टर फक्त गावाच्या वेशीवर देत. बक्षीस कोणतंही मिळालं नाही. स्टेपनीची गरजही पडली नाही.

त्यानंतरचं सांगायचं तर अश्विनने शेडला जोडून दुसरी शेड बांधली आणि कावळ्यांनी आपला मुक्काम शेजाऱ्याकडे हलवला. ढाबेवाल्याने एक जुना टेम्पो कापून घेतला. सोफा कडक आहे म्हणतात. तो हवालदार परीक्षा देऊन फौजदार झाला. गोपाळरावांनी पेढे वाटले. मिनल अजून मोटारी तपासते आणि प्रत्येक कुलपात आधी टॉर्च मारते. रुपरावांनी टायर परत मागितला नाही. रॅली आपल्या ट्रॅक्टरमुळे पार पडली, असं ते पारशिवनीपर्यंत सांगत असतात, आणि ते अगदीच खोटं नाही. अंजनाबाईंनी नवी हकिकत पाठ केली. प्रयागबाईची नात काजल आता तिच्याजवळ बसून कानस धरायला शिकते, आणि संक्रांतीला प्रयागबाई वाणाची वाटी न्यायला न बोलावता येते.

कोजागिरीची चावी गोपाळरावांनी खिळ्याला टांगली. जुनी चिठ्ठी त्यांनी फेकली नाही. ते काहीच फेकत नाहीत. मात्र तिच्यावरचे दोन शब्द खोडून खाली एकच लिहिलं : ‘हीच.’

त्या वर्षीच्या दसऱ्याला सुभद्राबाई तबक घेऊन मोटारीसमोर उभ्या राहिल्या. त्यांनी स्टीअरिंगला हार घातला, चाकांना कुंकू लावलं, गंधात बोट बुडवलं, आणि स्टेपनीपाशी येऊन त्या थांबल्या. काही सांगावं लागलं नाही. गोपाळराव पुढे झाले आणि त्यांनी कुलपाच्या भोकावर आपला अंगठा ठेवला.

"लाव आता," ते म्हणाले.

टिळा थोडा पितळेवर लागला, थोडा त्यांच्या नखावर. कोजागिरीपर्यंत तो तिथे होता. ते धूत नव्हते.